हॉर्स ट्रेलरच्या भिंतींना आतून अस्तर: काय निवडावं, कसं बसवावं

ट्रेलरच्या आतल्या भिंतींना अस्तर लावायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लाथ येते. भीती खोटी नाही. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर मागचा पाय झाडतं, खुराला लोखंडी नाल असते आणि समोर जेमतेम मिलिमीटरभर पत्रा. पण एखाद्या जुन्या ट्रेलरचं अस्तर उचकटून पाहिलंत तर वेगळंच दिसतं. समोरून रबर ठणठणीत, आणि मागे पत्र्याला चाळण, उभे खांब तळाशी गंजून पापुद्रे सुटलेले, प्लायचा नुसता चोथा. हे काम लाथेचं नव्हे, मुताचं. ते भिंतीवर उडतं, अस्तरामागे झिरपतं आणि तिथेच राहतं. धुण्याचं पाणी आणि घोड्याच्या घामा-श्वासाची वाफ त्यात भर घालतात. म्हणून ‘हे किती मजबूत आहे’ याच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात: मागे शिरलेलं पाणी कुठून बाहेर पडेल, आणि हे अस्तर परत काढता येईल का? या दोन्हींची सोय नसेल तर सगळ्यात महाग माल लावूनही भिंत आतून जाते.

आधी ट्रेलर नीट बघा

खरेदीला निघण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, भिंत एकेरी पत्र्याची आहे की दुहेरी. एकेरी असेल तर आतून उभे खांब उघडे दिसतात आणि त्यांच्यामध्ये थेट बाहेरचा पत्रा. अशा पत्र्यावर नुसतं रबर चिकटवलं तर लाथेचा आवाज कमी होतो, पण बाहेर पोचा पडायचा तो पडतोच. रबर मऊ असतं. ते धक्का थोडा शोषतं, पण पसरवत नाही. पसरवण्यासाठी मागे कडक पाटी लागते, आणि ती पाटी पत्र्याला नव्हे, खांबांना धरलेली असावी लागते. नवीन माणसं नेमकी इथेच चुकतात, कारण दुकानात रबराचा जाड तुकडा हातात घेतल्यावर ‘याला काय होणार’ असं वाटतं.

दुसरी, सांगाडा कशाचा आहे. लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर साधं पोलाद, नाही तर बहुधा ॲल्युमिनियम. स्क्रू कोणते घ्यायचे, कोणतं लाकूड चालेल, हे यावर ठरतं. अनेक ट्रेलरमध्ये सांगाडा पोलादी आणि कातडं ॲल्युमिनियमचं असतं, तेव्हा दोन्ही ठिकाणी लावून बघा.

तिसरी, वजन. ट्रेलरवर निर्मात्याची पाटी असते, तिच्यावर एकूण किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. अस्तराचा प्रत्येक किलो घोड्यासाठी उरलेल्या वजनातून वजा होतो. अंदाजासाठी हिशोब सांगतो. दोन्ही बाजूंच्या भिंती प्रत्येकी ३ मीटर लांब, अस्तर १.२ मीटर उंचीपर्यंत, म्हणजे साधारण ७ चौरस मीटर. एवढ्यावर १२ मिमी जाडीचं रबर लावलं तर शंभर किलोच्या आसपास जातं. १० मिमी एचडीपीई, म्हणजे कडक प्लॅस्टिकची शीट, लावलं तर ६५-७० किलो, १२ मिमी प्लाय ५० किलोच्या आगेमागे. प्लाय अधिक रबर म्हणजे दीडशे किलो. दोन मोठे घोडे नेणाऱ्या हलक्या ट्रेलरला हा फरक परवडेलच असं नाही. शंका असेल तर रिकामा ट्रेलर वजनकाट्यावर घालून बघा. जुन्या ट्रेलरचं खरं वजन आणि कागदावरचं वजन यांचं नेहमी जमतंच असं नाही.

कुठे काय लागतं

सगळी भिंत एकाच मालाने मढवायची गरज नसते. जमिनीपासून १.२ मीटरपर्यंतचा पट्टा लाथा खातो, आणि त्यातही मागचा अर्धा भाग जास्त. वळणावर तोल जातो तेव्हा काही घोडे एका भिंतीला अंग टेकून पाय खरवडत राहतात. त्यांच्या ट्रेलरमध्ये खालच्या अर्ध्या मीटरची अवस्था सर्वांत वाईट असते. पार्टिशनच्या खालच्या भागावरही हेच होतं, आणि तो भाग हमखास विसरला जातो.

वरच्या भागाला कडकपणा नको, उजेड हवा. घोड्याचे डोळे उजेडातून अंधारात जाताना माणसापेक्षा सावकाश जुळवून घेतात. काळ्याकुट्ट पेटीत पाऊल टाकायला तो कचरतो तो हट्टीपणा नसतो. खाली काळं रबर चालेल, पण वर पांढरा किंवा फिकट रंगच ठेवा. चकचकीत मात्र नको.

छाती आणि डोक्याच्या पातळीवर, म्हणजे छातीपट्टी (घोड्याच्या छातीसमोरचा आडवा दांडा) आणि पुढची भिंत, इथे गादी लागते. रॅम्पचा, म्हणजे घोडा चढतो त्या उतरत्या फळीचा, विषय वेगळा. तिथे पकड हवी असते, भिंतीचा गुळगुळीत माल तिथे लावू नका.

साहित्य

रबर. सर्वांत जास्त वापरलं जाणारं, आणि योग्य जागी योग्यच. भिंतीसाठी ६ ते १२ मिमी पुरे. फरशीची १८-२० मिमीची जाड मॅट भिंतीवर टांगू नका, ती स्वतःच्या वजनाने ओघळते. अखंड साच्यातलं रबर आणि जुन्या टायरचा चुरा दाबून केलेलं रबर यांतला फरक कडेला अंगठ्याच्या नखाने खरवडून कळतो: चुऱ्याच्या मॅटचे दाणे सुटतात. तिच्यात पाणीही जास्त मुरतं, आणि नवी असताना उन्हात बंद ट्रेलरमध्ये डोकं उठेल असा वास येतो. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही, त्यामुळे हा वास आपल्यापेक्षा त्याला जास्त जाचतो. कुठलंही रबर आणा, बसवण्याआधी काही दिवस उघड्यावर पसरून ठेवा. वासही जातो आणि गुंडाळीचा बाकही.

एचडीपीई शीट. कडक प्लॅस्टिक, पाणी अजिबात पीत नाही, मूत त्याला काही करत नाही, पाइपने धुतलं की स्वच्छ. आवाज मात्र रबरापेक्षा जास्त. याचा एक स्वभाव माहीत हवाच: उन्हाने ते प्रचंड वाढतं. २.४ मीटर लांबीची शीट ३० अंश तापमानफरकाने सुमारे १ सेंटीमीटर लांब होते. घट्ट स्क्रूंनी जखडली तर दुपारी तिला फुगे येतात आणि रात्री स्क्रूभोवती चिरते. आणखी एक, त्याला गोंद धरत नाही, सीलंटही नीट धरत नाही. ‘स्पेशल गोंद आहे’ असं कोणी म्हणालं तरी भिंतीसाठी भरवसा स्क्रूवरच ठेवा.

प्लायवुड. एकट्याने उघडं ठेवण्याचा माल नव्हे, पण रबरामागची कडक पाटी म्हणून याला तोड नाही. मरीन ग्रेड, म्हणजे ओलीत टिकणाऱ्या गोंदाची प्लाय घ्या, १२ मिमी. प्लाय पाणी पिते ती कडेने आणि भोकांतून. म्हणून कापलेली प्रत्येक कड आणि पाडलेलं प्रत्येक भोक इपॉक्सीने किंवा चांगल्या व्हार्निशच्या दोन-तीन हातांनी बंद करा. दोन्ही बाजू रंगवून कडा कोऱ्या ठेवल्या तर काहीच साधत नाही. तांब्याचं रसायन पाजलेलं लाकूड ॲल्युमिनियमला टेकवू नका. ओल लागली की ते ॲल्युमिनियम खातं.

एफआरपी, म्हणजे काचतंतूची पातळ शीट. वरच्या भागासाठी उत्तम: पांढरी, हलकी, धुण्याजोगी. लाथेच्या पट्ट्यात मात्र ती तडकते आणि तडकलेली कड धारदार असते.

स्प्रे लायनर. पॉलियुरियाचा थर फवारून घेतात. सांधा नाही, भोक नाही, दिसायला झकास. माझं मत प्रतिकूल आहे. नव्या कोऱ्या, निरोगी धातूवर ठीक. जुन्या भिंतीवर गंज आत कोंडला जातो, आणि नंतर उघडून बघायची सोय राहत नाही. धक्काही तो फारसा शोषत नाही. शिवाय हे घरी करण्याचं काम नव्हे: फवाऱ्यातली आयसोसायनेट रसायनं फुफ्फुसांना घातक असतात.

गादी करायची असेल तर बंद पेशींचा फोम घ्या. गादीखुर्चीतला साधा स्पंज पाणी धरून ठेवतो आणि कुजतो. वर जाड व्हिनाइल, मागे प्लायची पाटी, आणि व्हिनाइल मागे वळवून स्टेनलेस पिनांनी ठोकलेलं. कापडी गालिचा फक्त सामानाच्या खोलीत.

मला निवड करायला सांगितली तर: एकेरी पत्र्याच्या ट्रेलरला खाली प्लाय आणि त्यावर ६-८ मिमी रबर, वर पांढरी एफआरपी. दुहेरी भिंतीच्या, वजनाला काटकसरी ट्रेलरला खाली नुसतं एचडीपीई.

पायरी १: जुनं काढा, भिंत उघडी करा

जुनं अस्तर कितीही बरं दिसलं तरी त्यावर नवं चढवू नका. फरशीच्या मॅटही बाहेर काढा. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक खांबाच्या तळाशी, जिथे तो फरशीला मिळतो तिथे, टोचून बघा. टोक रुतलं किंवा पोकळ आवाज आला तर अस्तराचं काम थांबवा आणि आधी वेल्डरला दाखवा. खांबच कुजला असेल तर त्यावर अस्तर टांगणं म्हणजे घोड्याला दिलेला धोका.

साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या. पोलादावरचा गंज तारेच्या ब्रशने झडेपर्यंत घासा, मग गंजरोधक प्रायमर, मग रंग. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसेल, ती घासून काढा. प्रायमर पूर्ण सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या. घाई करण्याची ही जागा नाही.

पायरी २: खांब, वायरी आणि भोकं यांची खूण

बहुतेक ट्रेलरमध्ये उभे खांब ४० ते ६० सेंटीमीटर अंतराने असतात. दुहेरी भिंत असेल तर बाहेरून रिव्हेटची उभी रांग बघा, खांब तिच्यामागे. फरशीवर आणि छताच्या कडेला प्रत्येक खांबासमोर चिकटपट्टीची खूण करा, कारण शीट उभी केली की भिंतीवरच्या खुणा झाकल्या जातात. मागच्या दिव्यांच्या वायरी कुठून जातात ते शोधून त्या रेषेवर वेगळ्या रंगाची पट्टी लावा. वायरिंगचं कनेक्शन काढून ठेवा.

हवेच्या झडपा, पाण्याची भोकं, खिडक्या आणि माणसाचं आपत्कालीन दार यांवर अस्तर येता कामा नये. दार हलकं उघडतं ना, हे अस्तर लागल्यावरही पुन्हा बघायचं आहे.

पायरी ३: साचा आणि कापणी

चाकाच्या कमानीभोवती आणि पुढच्या वळणावर टेपने मापं घेऊन शीट कापलीत तर ती हमखास चुकते. मोठ्या खोक्याचे पुठ्ठे चिकटपट्टीने जोडून आधी साचा करा, भिंतीला लावून बघा, कातरा, पुन्हा बघा. साच्यावर ‘डावी, आतली बाजू’ असं लिहा. उलटी कापलेली शीट परत जोडता येत नाही.

रबर कापायला नवं पातं, लोखंडी पट्टी आणि साबणाचं पाणी. रबराखाली कापाच्या रेषेत एक काठी सरकवा म्हणजे काप उघडा राहतो आणि पातं अडकत नाही. एका दमात आरपार न कापता तीन-चार हलके हात फिरवा. एचडीपीईला मोठ्या दातांचं जिगसॉ पातं आणि कमी वेग, नाहीतर प्लॅस्टिक वितळून मागे परत चिकटतं. एफआरपी कापताना धूळमास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्या. ती धूळ दिवसभर खाजवत ठेवते.

उंची ठरवताना प्लायची खालची कड फरशीपासून २ सेंटीमीटर वर, आणि रबराची किंवा प्लॅस्टिकची कड फरशीच्या मॅटच्या माथ्यापासून १ सेंटीमीटर वर ठेवा. ही फट भरायचा मोह होईल. भरू नका. मागे गेलेलं पाणी तिथूनच बाहेर येणार आहे, आणि मॅट उचलून काढण्यासाठीही ती लागते.

पायरी ४: बसवणं

आधी प्लाय. खांबांना टेकेल अशी, बाहेरच्या पत्र्यापासून सुटी. प्लाय आणि पत्रा यांच्यामध्ये खांबाच्या जाडीची पोकळी राहते, तिथून हवा फिरते. ती फोमने भरू नका.

स्क्रू स्टेनलेसचे. जस्ताचा मुलामा दिलेले स्वस्त स्क्रू मुताच्या पट्ट्यात लवकर गंजतात. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात स्टेनलेस चालतं, पण दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतं, म्हणून स्क्रूच्या आट्यांना गंजरोधक पेस्ट आणि डोक्याखाली नायलॉनचा वॉशर. स्क्रूची लांबी हिशोबाने ठरवा: प्लाय १२, रबर ८, खांबाचा पत्रा २-३, आणि पलीकडे थोडं टोक. ३५ मिमीचा स्क्रू पुरतो. तुमचा खांब किती खोल आहे ते आधी मोजा. टोक बाहेरचा पत्रा फोडून आलं तर पाणी आत यायला तुम्हीच वाट केलीत. ड्रिलच्या टोकावर हव्या त्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी टेकली की थांबायचं.

रबर उचलायला दोन माणसं लागतात, एकट्याने करू नका. वरच्या कडेवर सुमारे २५ मिमी रुंद, ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी घाला आणि तिच्यातून १५-२० सेंटीमीटरवर स्क्रू मारा. प्लायमागे खांब नसेल तिथे स्क्रू नुसत्या प्लायमध्येच थांबतो, तेव्हा तिथे आखूड स्क्रू घ्या. सगळं वजन ही पट्टी धरते. मध्ये आणखी एक पट्टी चालेल, पण घोड्याच्या कमरेच्या हाडाच्या आणि खांद्याच्या पातळीवर कुठलीही पट्टी किंवा स्क्रू येऊ देऊ नका. तुमचा घोडा मोजून ठरवा. गोंद मी वापरत नाही, कारण चिकटवलेलं रबर काढताना प्लाय सोबत निघते.

एचडीपीईची पद्धत निराळी. भोकं स्क्रूच्या दांड्यापेक्षा ३ मिमी मोठी पाडा, शीटच्या कडांजवळची भोकं आडवी लांबट. फक्त मधलं एक भोक घट्ट बसणारं ठेवा, म्हणजे शीट तिथे धरून दोन्हीकडे मोकळी वाढते. रुंद वॉशर आणि चपट्या डोक्याचे स्क्रू. घट्ट आवळून मग अर्धा आटा मागे फिरवा. दोन शीटमध्ये आणि कोपऱ्यांत काही मिलिमीटर फट राहू द्या, ती वरून पट्टीने झाका. शक्य असेल तर हे काम भर उन्हातही नको आणि कडाक्याच्या थंडीतही नको.

वरचं आणि खालचं अस्तर जिथे भेटतं तिथे वरच्याची कड खालच्याच्या पुढून यायला हवी, कौलं रचतात तशी. उलट केलंत तर भिंतीवरून ओघळणारं प्रत्येक थेंब थेट आत जातं.

सांधे खांबावर आणा. मागच्या दाराजवळची उभी कड सर्वांत धोक्याची, कारण घोडा आत शिरताना आणि मागे येताना तिथेच अंग घासतो. तिच्यावर गोल कडेची पट्टी घाला, नुसती कापलेली कड उघडी ठेवू नका. कुरतडणारा घोडा असेल तर पुढच्या कडाही अशाच झाका.

पायरी ५: वरून बंद, खालून मोकळं

सर्वांत वरच्या कडेला आणि खिडक्यांभोवती सीलंटची सलग रेघ ओढा. पॉलियुरेथेन सीलंट घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, ते धातूला बाधतं. खालच्या कडेला सीलंट अजिबात नाही.

बांधायच्या कड्या परत लावताना त्या अस्तराला किंवा प्लायला नव्हे, सांगाड्याला आरपार बोल्टने धरा आणि मागे जाड पत्र्याची पाटी द्या. घाबरलेला घोडा मागे ओढतो तेव्हा स्क्रूने लावलेली कडी उपटून येते आणि दोरीच्या टोकाला लोंबकळत त्याच्याच तोंडाजवळ नाचते.

पायरी ६: घोडा चढवण्याआधी

झाडू मारा, मग फरशीवरून लोहचुंबक फिरवा. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, तो व्हॅक्यूमने काढा. नंतर हातावर जुना नायलॉनचा मोजा चढवून सगळ्या भिंतीवरून सावकाश तळवा फिरवा: वर, खाली, पट्ट्यांच्या कडांवरून, स्क्रूच्या प्रत्येक डोक्यावरून. जिथे धागा अडकतो तिथे घोड्याची कातडी अडकेल. कानस लावा आणि पुन्हा फिरवा. डोळ्यांना न दिसणारे कंगोरे या मोज्याला सापडतात.

रबरी हातोड्याने लाथेच्या पट्ट्यावर ठोकून आवाज ऐका. खडखड आली तर तिथे स्क्रू खांबात गेलेला नाही. मग खिडक्या-झडपा उघड्या ठेवून ट्रेलर उभा राहू द्या. रंग, सीलंट आणि रबर यांचा वास बंद ट्रेलरमध्ये दुपारीही येईनासा झाला की मगच पुढे.

रिकामा ट्रेलर खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणा आणि सगळे स्क्रू तपासा. त्यानंतर घोडा, आधी छोट्या अंतरावर. अनोळखी भिंती हुंगायला त्याला उभ्या ट्रेलरमध्ये वेळ द्या.

नंतरची देखभाल

प्रत्येक फेरीनंतर खालचा पट्टा पाण्याने धुवा आणि मॅट उचलून फरशी सुकू द्या. मूत ताजं असताना निघतं. शिळं झालं की जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि तो वास घोड्याच्या श्वासनलिकेला त्रास देतो. वर्षातून एकदा प्रत्येक बाजूची मागची एक शीट पूर्ण उतरवा. प्लायची खालची कड नखाने दाबा, खांबाचा तळ बघा. कड मऊ लागली तर तेवढा भाग कापून नवी पट्टी बसवा, आणि फट लीद-गवताने बुजली आहे का ते तपासा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. रबराला खोल चीर गेली असेल तर ती चिकटवत बसू नका, तो तुकडा बदला.